रूप हें स्त्रीच्या हिताचें कीं अहिताचें?

आमच्या ओळखीच्या एका उपदेशकांचें दोन पानांचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्या हातीं आलें. त्यांच्या मंडळींत सतरा वर्षांची एक मुलगी आहे. पत्रांत तिचें नांव नाहीं, व तें नाहीं हें बरेंच झालें. ती अतिशय देखणी आहे. इतकी कीं जे तरुण पूर्वीं उपासनेस कधीं येत नसत ते आतां रविवारीं मागच्या बांकावर येऊन बसतात, आणि ती बाहेर पडली कीं तेहि उठतात. तालुक्याच्या गांवीं ती बारावींत शिकते. एस. टी.च्या थांब्यावर कोणी मुलगा दुरून मोबाइलवर तिचें छायाचित्र काढतो, तें दुसऱ्यास पाठवितो, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गांवानें तें पाहिलेलें असतें. बापाचें म्हणणें असें कीं, परीक्षा झाली म्हणजे शिक्षण बंद करावें, व अठरावें वर्ष पुरें होतांच जें पहिलें बरें स्थळ येईल तेथें तिला द्यावें. आईलाहि तेंच वाटतें. चुलता म्हणतो, इतकें रूप गरिबाच्या घरीं देवानें द्यावयासच नको होतें. उपदेशक आम्हांस विचारितात कीं, या कुटुंबास काय सांगावें?

प्रश्न नवा नाहीं. उपदेशपीठावरून आम्ही पाळक लोक याचें जें उत्तर देत आलों तें सर्वांस पाठ आहे: बाहेरचें रूप फुलासारखें सुकून जातें, अंतःकरणाचें रूप टिकतें. हें खरें आहे, व आम्हींहि तें पुष्कळदां सांगितलें आहे. परंतु त्या मुलीला उद्यां सकाळीं थांब्यावर उभें राहून गाडी धरावयाची आहे. आपलें रूप तीस वर्षांनीं सुकेल या विचारानें तिची उद्यांची सकाळ सोपी होत नाहीं. शिवाय त्या उपदेशांत कांहीं लबाडी आहे असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. रूप तुच्छ आहे असें आपण आंत म्हणतों, आणि उपासना आटोपून अंगणांत आल्यावर कोणाच्या मुलासाठीं मुलगी पाहण्याची गोष्ट निघाली कीं पहिला प्रश्न विचारितों, "दिसायला कशी आहे?" ज्याला तुच्छ म्हटलें त्याचाच भाव आधीं विचारितों. तेव्हां या विषयाकडे एकदां नीट पाहणें बरें.

प्रथम लाभ पाहूं. लाभ मुळींच नाहीं असें म्हणणें खोटें होईल. देखण्या मुलीला जग पाळण्यापासून हंसऱ्या तोंडानें भेटतें. शेजारीण तिला उचलून घेते, आणि दृष्ट लागूं नये म्हणून आजी तिच्या गालाला काजळाची तीट लावते. शाळेंत पाहुणे आले कीं हार घालावयास तीच पुढें होते. तिच्या हातून कांहीं सांडलें तर "लहान आहे" असें म्हणतात. तिच्या दांत पुढें आलेल्या बहिणीच्या हातून तेंच सांडलें तर ती धांदरट ठरते. ही केवळ आमची कल्पना नव्हे. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांस अनोळखी माणसांचीं छायाचित्रें दाखवून, यांचा स्वभाव व संसार कसा असेल, असें विचारिलें होतें. जीं माणसें देखणीं होतीं तींच स्वभावानें चांगलीं व संसारांत सुखी असतील असें उत्तर आलें. त्या माणसांविषयीं उत्तर देणारांस कांहींच ठाऊक नव्हतें. त्यांनीं फक्त तोंड पाहिलें होतें. पुढें १९९४ सालीं हॅमरमेश व बिडल या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिका व कॅनडा या देशांतील लोकांची कमाई ताडून पाहिली. सामान्य रूपाच्या माणसापेक्षां कुरूप मानिलेल्या माणसाची कमाई शेंकडा ५ ते १० इतकी कमी भरली, आणि देखण्या माणसाची थोडी अधिक. गंमत अशी कीं, हा भेद पुरुषांमध्येंहि स्त्रियांइतकाच आढळला. रूपाचा बडेजाव ही बायकांचीच गोष्ट आहे असें समजणाऱ्या आम्हां पुरुषांस येथें थोडें खालीं पाहावें लागतें.

लग्नाच्या वेळीं तर हा लाभ रोखींत मोजिला जातो. हुंड्याचा कायदा १९६१ सालचा आहे. तरी बोलणीं होतात, व मुलगी देखणी असली कीं मागणी उतरते. ख्रिस्ती घरांत हें घडत नाहीं असें छातीवर हात ठेवून सांगणारा पाळक आम्हांस अजून भेटावयाचा आहे. आणि देखणी म्हणजे तरी कोण? पुष्कळांच्या बोलण्यांत त्या शब्दाचा गोरी एवढाच अर्थ उरला आहे. १९७५ सालीं निघालेलें एक प्रसिद्ध मलम पंचेचाळीस वर्षें गोरेपणाच्याच नांवावर विकलें गेलें. २०२० सालीं कंपनीनें त्याच्या नांवांतून तो शब्द काढिला. डबीवरचा शब्द गेला, पण सासवांच्या तोंडचा गेलेला दिसत नाहीं. गीतरत्नांतील वधू आपण काळी असून सुंदर आहों असें आरंभींच सांगते, हें आमच्या घरांत किती जणांच्या ध्यानांत असेल कोण जाणे.

ज्यांना रूप मिळालें नाहीं त्यांच्यावर या सर्वांत अन्याय होतो, हें उघड आहे. लेआचें दुःख सर्वांस ठाऊक आहे. तिच्या बहिणीसाठीं याकोबानें सात वर्षें चाकरी केली, आणि तिला मात्र बापानें अंधारांत पुढें ढकललें. परंतु आज आम्हांस राहेलीच्या बाजूनें बोलावयाचें आहे. सुंदर स्त्रीनें आपलें दुःख सांगितलें तर ऐकणारा हंसतो. "तुझें तें दुःख आम्हांला दे" असें तिच्या मैत्रिणी म्हणतात. यामुळें ती तें सांगत नाहीं, आणि ती सांगत नाहीं म्हणून तें नाहींच असें आपण धरून चालतों.

तिचें पहिलें दुःख हें कीं, आपणांस जें मिळतें तें कशासाठीं मिळतें हें तिला कळत नाहीं. यावरहि १९८४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. कांहीं तरुण-तरुणींकडून निबंध लिहून घेतले व परीक्षकाकडून त्यांची स्तुति करविली. कांहींस सांगितलें होतें कीं परीक्षक तुम्हांला पाहत आहे. कांहींस सांगितलें होतें कीं तो पाहत नाहीं. जीं देखणीं होतीं, त्यांस परीक्षक आपणांस पाहत आहे असें वाटलें तेव्हां, ही स्तुति निबंधाचीच आहे असा भरंवसा कमी वाटला. न पाहतां केलेली स्तुति त्यांनीं अधिक खरी मानिली. वाचकहो, हें दुःख लहान नाहीं. श्रीमंत मनुष्यालाहि, मित्र माझे आहेत कीं माझ्या पैशाचे आहेत, असा संशय येतो. पण तो पैशाची पिशवी घरीं ठेवून, फाटका अंगरखा घालून, परक्या गांवीं जाऊन पाहूं शकतो. सुंदर स्त्रीला आपलें तोंड घरीं ठेवून कोठें जातां येत नाहीं. गुरुजी शाबासकी देतात ती गणिताची कीं गालांची? शेजारीण अबोला धरिते तो माझ्या अपराधामुळें कीं तिच्या नवऱ्याच्या नजरेमुळें? हे प्रश्न तिला दहाव्या-बाराव्या वर्षापासून पडूं लागतात, व उत्तर देणारें कोणी नसतें.

दुसरें असें कीं, चेहरा आधीं दिसतो, व तो इतका दिसतो कीं मागचें कांहीं पाहण्याची लोकांस गरज वाटत नाहीं. याचें एक उदाहरण दूरच्या देशांतील आहे, तरी तें सांगण्यासारखें आहे. ऑस्ट्रियांतील व्हिएन्ना शहरीं १९१४ सालीं हेडविग कीसलर नांवाची मुलगी जन्मली. पुढें हेडी लमार या नांवानें ती अमेरिकन चित्रपटांत गाजली, व जगांतील सर्वांत सुंदर स्त्री अशी तिची जाहिरात होऊं लागली. त्याआधीं १९३३ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, तिचें लग्न फ्रिट्झ मांडल नांवाच्या दारूगोळ्याच्या धनाढ्य कारखानदाराशीं झालें होतें. तो तिला मेजवानीस आलेल्या पाहुण्यांपुढें बसवी, पण चित्रपटांत काम करूं देईना. पाहुणे शस्त्रांच्या गोष्टी बोलत. समोर बसलेल्या बाहुलीला यांतलें काय कळणार, असें समजून कोणी आवाज खालीं आणीत नसे. बाहुली ऐकत होती. १९३७ सालीं ती त्या घरांतून पळाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ती दिवसा चित्रपटांत काम करी व फावल्या वेळीं घरीं यंत्रांच्या कल्पना काढीत बसे. जॉर्ज अँथील या संगीतकाराच्या साह्यानें तिनें एक युक्ति शोधिली. पाण्याखालून सोडलेल्या पाणतीराला बिनतारी संदेशानें वाट दाखवितां येते, परंतु शत्रूला ती लहर सांपडली तर तो मध्येंच गोंधळ घालतो. यावर तिचा उपाय असा कीं, संदेश पाठविणारें व घेणारें अशा दोन्ही यंत्रांनीं एकाच वेळीं, ठरल्याप्रमाणें, लहर बदलीत राहावें, म्हणजे शत्रूला ती धरतां येणार नाहीं. आपोआप वाजणाऱ्या पियानोंत भोंकें पाडलेली कागदाची गुंडाळी असते, तसल्या गुंडाळ्यांनीं हें काम करावयाचें होतें. पियानोच्या पट्ट्या ८८, व यांनीं योजिलेल्या लहरीहि ८८. ११ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंत त्यांस या शोधाचें पेटंट मिळालें. नौदलानें तो त्या युद्धांत वापरिला नाहीं. नौदलाची अडचण यंत्राविषयींहि होती, आणि सर्व दोष तिच्या रूपावर घालणें न्याय्य होणार नाहीं. पण देशानें तिच्याकडून काय घेतलें हें पाहण्यासारखें आहे. तिनें सभांतून युद्धाचे रोखे विकावे असें ठरलें, व तिनें ते लक्षावधि डॉलरांचे विकले. लोक तिला पाहावयास येत.

लहर बदलीत राहण्याचें तेंच तत्त्व आज ब्लूटूथमध्यें आहे. तुमच्या मुलाच्या कानांतील बिनतारी यंत्र त्यावर चालतें. १९९७ सालीं, म्हणजे पंचावन्न वर्षांनीं, तिला या शोधाबद्दल एक पारितोषिक मिळालें. तेव्हां ती ब्याऐंशीं वर्षांची होती. मधल्या काळांत तिनें चेहऱ्यावर वारंवार शस्त्रक्रिया करून घेतल्या होत्या, व उतारवयांत ती फारशी कोणास भेटत नसे. टेलिफोनवर मात्र पुष्कळ बोले. १९ जानेवारी २००० रोजीं ती वारली. जिच्या बुद्धीला कोणीं विचारिलें नाहीं आणि जिच्या चेहऱ्याला सर्वांनीं विचारिलें, तिला तो चेहरा जातांना काय वाटलें असेल, याचा विचार आमच्या मनांत पुष्कळदां येतो. टेलिफोनवर तोंड दिसत नाहीं.

हें तिकडचेंच आहे असें कोणी समजूं नये. १९७९ सालीं हायलमन व सारुवातारी या दोघींनीं नोकरीच्या अर्जांवर प्रयोग केला. कारकुनीच्या कामासाठीं स्त्रीचें रूप तिच्या उपयोगीं पडलें. अधिकाराच्या जागेसाठीं तेंच तिच्या आड आलें. पुरुषाचें रूप दोन्हीकडे उपयोगीं पडलें. आमच्या खेड्यांत बचतगटाच्या बैठकींत एखादी देखणी सून हिशेबाची वही मागूं लागली तर "ही कशाला पाहिजे हिला?" असें कोण म्हणतें, तें बैठकीला जाणाऱ्या भगिनींनीं आठवावें. बहुधा तें बायकाच म्हणतात.

परंतु खरा जाच अजून पुढेंच आहे. सुंदर वस्तु पाहिली कीं ती आपली असावी असें मनुष्यास वाटतें. आंब्याविषयीं वाटतें, बैलाविषयीं वाटतें. स्त्री ही आंबा नव्हे व बैलहि नव्हे, ही गोष्ट पुरुषाला जन्मतः कळत नाहीं. ती शिकवावी लागते, आणि आपण ती शिकवीत नाहीं. २००५ सालीं दिल्लींत लक्ष्मी अगरवाल या अल्पवयी मुलीनें एका बत्तीस वर्षांच्या मनुष्याची लग्नाची मागणी नाकारिली, तेव्हां तिच्या तोंडावर ॲसिड टाकण्यांत आलें. तिच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ॲसिडच्या विक्रीवर निर्बंध घातले. त्याच वर्षीं या गुन्ह्याला कमींत कमी दहा वर्षें व अधिकांत अधिक जन्मठेप अशी शिक्षा ठरविणारें निराळें कलम कायद्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें १२४ वें आहे. वार हातापायांवर होत नाहीं, तोंडावर होतो, हें पाहा. ज्या रूपावर प्रेम आहे असें तो म्हणत होता तेंच तो जाळतो. तेव्हां तें प्रेम रूपावर नव्हतें, मालकीवर होतें. मालकी मिळेना, तेव्हां वस्तूची नासाडी केली. म्हणून सतरा वर्षांच्या मुलीच्या बापाचें भय पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. तें खरें आहे, आणि रात्रीं झोंप न येण्याइतकें खरें आहे. प्रश्न एवढाच कीं, त्या भयाचा भार कोणीं वाहावा?

उत्पत्तीचा बारावा अध्याय उपदेशक बंधूंनीं या दृष्टीनें पुन्हां एकदां वाचावा. दुष्काळामुळें अब्राम मिसर देशांत गेला. साराय फार सुंदर होती, आणि तिच्यामुळें लोक आपला जीव घेतील असें भय त्याला पडलें. म्हणून तिनें आपणांस त्याची बहीण म्हणवावें असें त्यानें ठरविलें. तिला फारोच्या घरीं नेलें. अब्रामाला मेंढरें मिळालीं, गुरें, गाढवें, दास, दासी, उंट, सर्व मिळालें. सारायला काय मिळालें हें लिहिलेलें नाहीं. त्या साऱ्या प्रकरणांत तिचा एक शब्दहि नाहीं. पुढें विसाव्या अध्यायांत त्यानें तेंच पुन्हां केलें, आणि सव्विसाव्या अध्यायांत त्याच्या मुलानें रिबकेविषयीं तीच लबाडी केली. रूप बायकोचें, भय नवऱ्याचें, आणि त्या भयाची किंमत भरावयाची बायकोनें. शास्त्रानें ही गोष्ट झांकून ठेविली नाहीं, याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतों. कारण तींत आम्हांस आमचें तोंड दिसतें.

सुमारें सोळा वर्षांपूर्वीं आम्ही एका लहान मंडळींत नवे पाळक होतों. तेथेंहि अशीच एक मुलगी होती. नर्सिंग शिकावें अशी तिची फार इच्छा होती. अर्ज तिनें भरून ठेविला होता. तिच्यावरून गांवांतल्या दोन तरुणांचें भांडण झालें व एकाचें डोकें फुटलें. त्या दोघांपैकीं कोणाशींहि ती कधीं बोललेली नव्हती. रात्रीं तिचा बाप आमच्याकडे आला आणि म्हणाला, "पाळकसाहेब, आतां काय करूं?" आम्हीं त्याच्याबरोबर प्रार्थना केली, आणि सांगितलें कीं, लौकर लग्न करून टाका, म्हणजे मुलीची अब्रू राहील आणि गांवहि शांत होईल. कायद्याप्रमाणें तिचें वय पुरें होतें. लग्न आम्हींच लाविलें. मुलीला आम्हीं एक शब्द विचारिला नाहीं, बोहल्यावरचे जे प्रश्न विचारावयाचे असतात तेवढे सोडून. ज्या तरुणांनीं मारामारी केली त्यांच्या घरीं आम्ही गेलों नाहीं. त्यांतला एक आमच्याच मंडळीचा होता, आणि त्या वर्षीं ख्रिस्तजयंतीच्या नाटकांत पूर्वेकडील ज्ञानी पुरुषाचें सोंग आम्हीं त्यालाच दिलें.

गेल्या पावसाळ्यांत ती बाई आम्हांस बाजाराच्या दिवशीं भेटली. नवरा दारू पीत नाहीं, मारीत नाहीं. फक्त संशय घेतो. स्वयंपाकघराची रस्त्याकडची खिडकी त्यानें लग्नाच्या दुसऱ्या वर्षीं खिळे ठोकून बंद केली, ती अजून बंदच आहे. हें तिनें गाऱ्हाणें म्हणून सांगितलें नाहीं. घरांत धूर फार होतो, डोळे चुरचुरतात, त्यावर कोणतें औषध चांगलें, असें विचारितांना सांगितलें. मग म्हणाली, "तो अर्ज अजून ट्रंकेंत आहे, पाळकसाहेब," आणि शेजारच्या बाईला कोथिंबिरीचा भाव विचारूं लागली. आम्हीं काय उत्तर दिलें तें येथें लिहिण्यासारखें नाहीं, कारण आम्हीं कांहींच दिलें नाहीं.

त्यानंतर आम्हीं दाविदाची गोष्ट पुन्हां वाचली. बथशेबा स्नान करीत होती, राजा गच्चीवर होता, तिचें रूप त्याच्या दृष्टीस पडलें, आणि पुढें काय झालें तें सर्वांस माहीत आहे. आम्हीं कित्येक प्रवचनें ऐकिलीं आहेत कीं ज्यांत, तिनें उघड्यावर स्नान कां करावें, असा प्रश्न विचारिला जातो. नाथान संदेष्ट्यानें तो विचारिला नाहीं. तो तिच्या दारीं गेलाच नाहीं. तो राजाच्या दारीं गेला. गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट त्यानें राजाला सांगितली, आणि त्या गोष्टींत मेंढीला कसलाच दोष नाहीं. तसेंच डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें कामुक नजरेविषयीं जें सांगितलें आहे तें पाहणाऱ्याला उद्देशून आहे. डोळा उपटून टाकण्याची कठोर गोष्ट ज्याचा डोळा अपराधी आहे त्याला सांगितली आहे; जिच्याकडे तो पाहतो तिला घरांत कोंडा, असें तेथें एका अक्षरानेंहि म्हटलेलें नाहीं. शास्त्र ज्याच्याकडे बोट दाखवितें त्याला सोडून आम्हीं सोळा वर्षांपूर्वीं भलत्याच दारीं जाऊन दंड वसूल केला.

मग सुंदर स्त्रीवर कांहींच जबाबदारी नाहीं काय, असें कोणी विचारील. आहे; जेवढी बुद्धिमानावर किंवा धनवानावर आहे तेवढी. रूपाच्या जोरावर दुसऱ्याला फसवितां येतें, आळस करितां येतो, दुसरीला हिणवितां येतें, व हें करणाऱ्या स्त्रिया आम्हीं पाहिल्या आहेत. लोकहि तें ओळखतात. १९७५ च्या एका प्रयोगांत, कल्पित खटल्यांतील सुंदर आरोपीनें घरफोडी केली असें सांगितलें तेव्हां लोकांनीं तिला कमी शिक्षा सुचविली. पण रूपाच्या बळावर एका पुरुषाचे पैसे लाटले असें सांगितलें तेव्हां ती सूट तिला मिळाली नाहीं. एस्तेरला तिच्या रूपानें राजवाड्यांत नेलें, हें खरें. परंतु आपल्या लोकांसाठीं न बोलावितां राजापुढें जाणें हें काम रूपाचें नव्हतें, त्याला उपास करून धैर्य गोळा करावें लागलें. आणि तिच्या आधींच्या वश्ती राणीविषयींहि एक शब्द लिहूं. मद्यानें रंगलेल्या राजानें आपल्या सरदारांस तिचें रूप दाखविण्यासाठीं तिला बोलावणें पाठविलें. ती गेली नाहीं, व तिचें राणीपद गेलें. आमच्या प्रवचनांत ती हट्टी बायकोचें उदाहरण म्हणून येते. आम्हीं तें उदाहरण देण्याचें आतां सोडून दिलें आहे.

उपदेशक बंधूंस आम्हीं जें लिहिलें तें असें. आधीं मागच्या बांकावर जाऊन बसावें. त्या तरुणांस हांकून देऊं नये. ते कोणत्याहि कारणानें आले असोत, ते आले आहेत. त्यांची नांवें विचारावीं, घरीं जावें, त्यांच्या आईबापांसमोर छायाचित्रांची गोष्ट काढावी. एखाद्या स्त्रीची इच्छा नसतां तिचा पुन्हां पुन्हां पाठलाग करणें हा न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे, हें त्यांस माहीत नसेल तर सांगावें. आणि माहीत असूनहि ते थांबत नसतील तर मुलीच्या बापाबरोबर स्वतः पोलिस ठाण्यांत जावें. गरीब बाप एकटा गेला तर त्याला बांकावर बसवून ठेवितात. थांब्यावर सकाळीं मंडळींतील दोन बायकांनीं पाळीपाळीनें उभें राहण्यास फार कष्ट नाहींत. बाजारास जाणाऱ्या बायका तशाहि त्याच गाडीनें जातात. आणि बापाला ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट वाचून दाखवावा. ईयोबाला शेवटीं तीन मुली झाल्या, आणि त्यांच्याइतक्या सुंदर स्त्रिया त्या देशांत कोठेंहि नव्हत्या. त्यांस कोणतीं स्थळें आलीं हें तेथें सांगितलेलें नाहीं. सांगितलें आहे तें हें कीं, बापानें त्यांस त्यांच्या भावांबरोबर वतन दिलें. आमच्या गरीब बंधूपाशीं जमीन नसेल; पण बारावीनंतरच्या शिक्षणाचीं तीन वर्षें हें त्याच्या हातांतलें वतन आहे.

एवढें लिहून आम्हीं तें पत्र पुन्हां एकदां वाचलें. दोन पानांत बापाचें मत आहे, आईचें आहे, चुलत्याचें आहे, सरपंचांचेंहि आहे. मुलीला स्वतःला काय शिकावयाचें आहे, हें कोठें आढळलें नाहीं. तें तिला विचारून पुढच्या पत्रांत कळवावें, अशी आम्हीं उपदेशक बंधूंस विनंति केली आहे.